यंत्र विचार करते असे म्हणताना ‘विचार’ या शब्दाने आपण काय म्हणतो?

गोदाकाठ

३४९५७ मध्ये ७०७६४ मिळवा. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली ‘माइंड’ या नियतकालिकातील आपल्या प्रसिद्ध लेखात एका काल्पनिक यंत्राला हा प्रश्न विचारला आहे, आणि ते यंत्र सुमारे तीस सेकंद थांबून १०५६२१ असे उत्तर देते. गेल्या रविवारी गंगापूर रोडवर एका स्नेह्यांच्या घरी आम्ही सहा जण हा लेख वाचत बसलो होतो. माझे आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेले असल्यामुळे बेरीज दिसली की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. वर्तमानपत्राच्या कडेला मांडून पाहिली, तर उत्तर १०५७२१ आले. पुन्हा केली, तरी तेच आले. दशकाच्या घरातून आलेला हातचा एक शतकाच्या घरात मिळवायचा राहिला की नेमके ट्युरिंग यांचे उत्तर येते, आणि पाचवीच्या मुलांच्या वह्यांत ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की ती करणाऱ्याचा चेहरासुद्धा डोळ्यांसमोर येतो.

याच लेखात पुढे ट्युरिंग म्हणतात की आपण माणूस आहोत असे भासवण्याच्या या खेळात उतरलेले यंत्र बेरजेचे अचूक उत्तर देण्याचा प्रयत्नच करणार नाही, कारण तेवढ्यावरून ते ओळखू येईल. प्रश्न विचारणाऱ्याला चकवण्यासाठी ते मुद्दाम चुका करील. म्हणजे ही चूक माणसासारखी दिसावी म्हणून योजलेली असावी. त्या दिवशी आमचा वाद सुरू झाला तो इथून, आणि तो अपुरा राहिला म्हणून इथे चर्चेसाठी हा धागा काढतो आहे.

माझी भूमिका आधी सांगतो. ‘यंत्र विचार करू शकते का’ हा प्रश्न ट्युरिंग यांनी बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी परीक्षा ठेवली: पडद्याआड एक माणूस आणि एक यंत्र आहे, आपण लेखी प्रश्न विचारायचे आणि माणूस कोणता ते ओळखायचे. यंत्राला आतून काही जाणवल्याशिवाय त्याला बुद्धिमान म्हणता येणार नाही, असा आक्षेप त्या काळीही होताच. त्यावर त्यांचे उत्तर असे की समोरच्या माणसाला आतून काय जाणवते हे तरी आपल्याला थेट कुठे कळते? आपण सभ्यपणे धरून चालतो की सगळेच विचार करतात. ही अडचण नवी नाही. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी सातव्या शतकात ‘सन्तानान्तरसिद्धी’ हा ग्रंथ याच प्रश्नावर रचला. माझ्या बोलण्याआधी आणि हालचालीआधी माझे चित्त असते. तसेच बोलणे आणि हालचाल दुसरीकडे दिसली, की तिथेही चित्त असल्याचे अनुमान करावे, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आहे. हे अनुमान शेजाऱ्याबाबत चालत असेल, तर यंत्राबाबत ते नेमके कोणत्या कारणाने नाकारायचे, हे मला कुणीतरी नीट सांगावे.

विरुद्ध बाजूचा सर्वांत गाजलेला युक्तिवाद अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांचा, १९८० सालचा. चिनी न येणारा माणूस एका खोलीत बसला आहे. बाहेरून चिनी चिन्हांच्या चिठ्ठ्या येतात, तो नियमांचे पुस्तक पाहून दुसरी चिन्हे बाहेर पाठवतो. बाहेरच्यांना वाटते की आत चिनी जाणणारा कुणी आहे, पण आतल्या माणसाला एक शब्दही कळलेला नसतो. हा युक्तिवाद मला नेहमीच थोडा कृत्रिम वाटत आला आहे, कारण असे नियमांचे पुस्तक आणि अशी खोली कुणी पाहिलेली नाही.

सातपूर

सर, मी बावीस वर्षे सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेनुसार धातू कापणाऱ्या यंत्रावर, काम करतो आहे. टूल झिजले की पूर्वी आम्ही जॉब, म्हणजे कापून झालेला भाग, मोजून हाताने ऑफसेट, म्हणजे झिजेइतकी दुरुस्ती, द्यायचो. आता मशीन प्रोबने स्वतः मोजते आणि स्वतःच ऑफसेट बदलते. शॉपमध्ये सगळे म्हणतात, ‘मशीनला कळले.’ हे म्हणताना त्याला खरेच काही कळले असे कुणाच्याही मनात नसते. ती बोलण्याची रीत आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की बोलणारे यंत्र आणि हे मोजणारे यंत्र यांत फरक प्रकाराचा आहे की फक्त प्रमाणाचा? प्रमाणाचाच असेल, तर ‘कळले’ ही बोलण्याची रीत कुठे संपते आणि खरी कधी होते?

पंचवटी

गोदाकाठ काका, अशी खोली कुणी पाहिलेली नाही असे आपण लिहिले आहे. मी तिच्यात सहा वर्षे राहिलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आठव्या वर्षी मी वेदपाठशाळेत गेलो. संथा घेण्याची, म्हणजे गुरुजींकडून ऐकून पाठ करण्याची, पद्धत ठरलेली होती: गुरुजी एकदा म्हणत, आम्ही दोनदा म्हणायचे, अनुदात्त, म्हणजे खालचा स्वर, आला की मान खाली जायची, आणि स्वर चुकला की पुन्हा पहिल्यापासून. अर्थ कुणी सांगत नसे आणि आम्हीही विचारत नसू. संहिता पाठ झाली की पदपाठ, म्हणजे एकेक पद (शब्द) सुटे म्हणणे, मग क्रम, जटा आणि शेवटी घन, हे पदे ठरावीक रीतीने जुळवून म्हणण्याचे प्रकार. घनाचा नियम असा, की लागोपाठची तीन पदे घेऊन ती एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन या क्रमाने म्हणायची, मग एक पद पुढे सरकून पुन्हा तेच करायचे. ऋग्वेदाची सुरुवातच घ्या: अग्निम्, ईळे, पुरोहितम्. पदे उलटी झाली की संधीही बदलतात. ‘ईळे’च्या पुढे ‘अग्निम्’ आला की ‘ईळेऽग्निम्’ होते, आणि प्रत्येक ठिकाणी स्वरांचे नियम नव्याने लावावे लागतात. हे सगळे आम्ही ओळीने, न अडखळता, तासन्‌तास करत होतो. सर्ल यांच्या खोलीतील माणसाकडे निदान पुस्तक होते. आमचे पुस्तक आमच्या आत होते.

खोलीतल्या माणसाला चिनी येत नसले तरी माणूस, पुस्तक आणि चिठ्ठ्या मिळून होणाऱ्या पूर्ण व्यवस्थेला ते येते, असे सर्ल यांच्या काही टीकाकारांनी म्हटले. त्यावर सर्ल यांचे उत्तर होते की त्या माणसाने ते सारे नियम पाठ करून टाकावेत. आता पूर्ण व्यवस्था त्याच्या आतच आहे, आणि तरीही त्याला चिनी येत नाही. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

आमच्या परंपरेला हे ठाऊक नव्हते असे नाही. वैदिक शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या यास्कांच्या निरुक्तातच सांगितले आहे की वेद पाठ करून ज्याला त्याचा अर्थ कळत नाही, तो केवळ भार वाहणारा खांब आहे: ‘स्थाणुरयं भारहारः किलाभूत्’. आणि त्याच ग्रंथात, मंत्रांना अर्थच नसतो असे म्हणणाऱ्या कौत्सांचे मतही यास्कांनी नोंदवून मग खोडले आहे.

चौदाव्या वर्षी व्याकरण सुरू झाले आणि धातुरूपे शिकताना एके दिवशी शास्त्रीबुवांनी सहज सांगितले की ‘ईळे’ हे उत्तमपुरुषाचे एकवचन आहे. ईळे म्हणजे ‘मी स्तवन करतो’. सहा वर्षे मी रोज ‘मी’ म्हणत होतो आणि मी ‘मी’ म्हणतो आहे हे मला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे तेच सूक्त म्हटले. शेजारी बसलेल्या कुणालाही काही वेगळे ऐकू आले नसेल. स्वर तोच, मात्रा त्याच, वेग तोच. ट्युरिंग यांच्या परीक्षेत आदल्या दिवशीचा मी आणि त्या दिवशीचा मी दोघेही सारख्याच गुणांनी उत्तीर्ण झालो असतो. पण काहीही बदलले नव्हते असे मला कुणी सांगितले, तर ते मी मान्य करणार नाही.

इंदिरानगर

पंचवटी दादांचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. माझा व्यवसाय संगणकप्रणाली लिहिण्याचा आहे, त्यामुळे आत काय घडते ते आधी साध्या शब्दांत सांगते, म्हणजे चर्चा वाऱ्यावर राहणार नाही.

आजची भाषिक प्रारूपे, म्हणजे बोलणाऱ्या यंत्रांमागच्या प्रणाली, नियमांचे पुस्तक पाहत नाहीत. त्यांना कुणी संधिनियम दिलेले नसतात. मजकुराचे लहान तुकडे केले जातात, प्रत्येक तुकडा आकड्यांच्या एका लांब ओळीत बदलतो, आणि अब्जावधी आकड्यांनी बनलेले एक जाळे पुढचा तुकडा कोणता असण्याची शक्यता किती आहे याचा हिशेब करते. अंदाज चुकला की ते आकडे किंचित सरकवले जातात, आणि ही दुरुस्ती असंख्य वेळा होते. नंतर माणसांनी पसंत केलेल्या उत्तरांकडे ते जाळे वळवले जाते. आज वापरात असलेल्या रचनेचा पाया २०१७ सालचा आहे.

हे ऐकून लोक म्हणतात, ‘म्हणजे हा निव्वळ पोपट आहे.’ हा शब्द संशोधकांनीही वापरलेला आहे. परंतु २०२२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. ऑथेल्लो या पटावरच्या खेळातील केवळ चालींच्या याद्या एका लहान जाळ्याला शिकवण्यात आल्या. पट कसा असतो, सोंगट्या कशा उलटतात, यातले काहीही त्याला सांगितले नव्हते. पुढची चाल कोणती, एवढेच ओळखायचे होते. संशोधकांनी जाळ्याच्या आत शोधले, तेव्हा पटावरच्या घरांत या क्षणी कोणत्या रंगाची सोंगटी आहे याची नोंद तिथे तयार झालेली सापडली. ती नोंद त्यांनी आतल्या आत बदलली, तर जाळे बदललेल्या पटाला शोभणाऱ्या चाली सांगू लागले. ज्याने पट कधी पाहिलेला नाही, त्याने चालींच्या ओळींवरून पट उभा केला. याला समज म्हणायचे की नाही हे मी ठरवत नाही, पण ‘निव्वळ पोपट’ म्हणून ते मोडीत काढता येणार नाही.

जर्मन तत्त्वज्ञ लायब्नित्झ यांनी १७१४ साली लिहिले होते की विचार करणारे यंत्र गिरणीएवढे मोठे करून त्याच्या आत फिरून आलो, तरी एकमेकांना ढकलणारे भागच दिसतील, अनुभव कुठेच दिसणार नाही. हे मला पटते. मात्र मेंदूच्या आत फिरून आले तरी पेशी आणि त्यांतून जाणारे विद्युत्स्पंदच दिसतील. भाग पाहून पूर्णाबद्दल निकाल देता येत नाही, आणि याचा दाखला आपल्याच परंपरेत आहे. जडवादी चार्वाक म्हणत, चार महाभूते एकत्र आली की चैतन्य उपजते, जसे किण्वापासून, म्हणजे आंबवणाऱ्या खमिरापासून, मद उपजतो. नाशिकच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. बागेतल्या द्राक्षात मद नाही, किण्वात नाही, टाकीच्या पोलादातही नाही. ते सगळे एकत्र येऊन आंबले की तो येतो. यंत्राच्या बाबतीत तसे होणारच नाही, असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

दिंडोरी

ताई, द्राक्षाचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझी तीन एकर बाग आहे. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, विसाव्या दिवसाच्या सुमारास कोवळ्या पानांवर पिवळट डाग दिसले. मुलाने फोटो काढून मोबाइलवरच्या एका बोलणाऱ्या सहायकाला पाठवला. लगेच उत्तर आले: मॅग्नेशियमची कमतरता, अमुक फवारणी करा. उत्तर शुद्ध मराठीत होते, त्यात कुठेही चाचरणे नव्हते. आदल्या रात्री दव भरपूर पडले होते, म्हणून मी पहाटे बागेत गेलो आणि पान उलटे केले. मागच्या बाजूला पांढरी लव होती. डाऊनी, म्हणजे केवडा हा बुरशीचा रोग, होता. दोन दिवस उशीर झाला असता, तर घड हातचे गेले असते.

माझे म्हणणे यंत्र चुकले एवढेच नाही, माणूसही चुकतो. शेजारच्या जाणत्या बागायतदाराला मी तोच फोटो दाखवला असता, तर त्याने उत्तर देण्याआधी विचारले असते, ‘पान उलटे करून पाहिलेस का? दव होते का? पाणी कधी दिले?’ आपल्या भाषेत विचार करणे आणि विचारणे हे एकाच शब्दातून आले आहे. जो विचारत नाही, तो विचार करतो असे मला म्हणवत नाही.

इंदिरानगर

दिंडोरी काका, आपला मुद्दा मनाला लागला. मी काल तशाच डागांचा फोटो आजच्या एका प्रारूपाला दाखवला आणि ‘निदानाआधी हवी ती माहिती विचार’ एवढेच सांगितले. त्याचा पहिलाच प्रश्न पानाच्या मागच्या बाजूबद्दल होता. म्हणजे विचारणेही शिकवता येते. तेव्हा ‘जो विचारतो तो विचार करतो’ ही कसोटी आपण स्वीकारली, तर उद्या ती यंत्राच्या बाजूने लागेल, आणि मग आपल्याला ती मान्य करावी लागेल.

दिंडोरी

ताई, त्याने विचारले ते तुम्ही ‘विचार’ म्हणालात म्हणून. मी पहाटे उठलो तो कुणी सांगितले म्हणून नव्हे. बाग माझी होती आणि झोप लागत नव्हती.

गोदाकाठ

सर्वांचे वाचून माझ्या पहिल्या लेखनात एक घोळ होता हे मला दिसते आहे, आणि तो मान्य करतो. मी ‘विचार’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरत होतो. सांख्य दर्शनाच्या आचार्यांनी या गोष्टी फार पूर्वी वेगळ्या केल्या आहेत. त्यांच्या मते बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीची कार्ये आहेत, म्हणजे जड आहेत. निश्चय करणे हे बुद्धीचे काम, ‘अध्यवसायो बुद्धिः’. जाणीव मात्र पुरुषाची, म्हणजे प्रकृतीहून वेगळ्या चेतन तत्त्वाची. सांख्यकारिकेत सांगितले आहे की पुरुषाच्या संयोगामुळे अचेतन असलेले लिंग, म्हणजे बुद्धी वगैरेंचे सूक्ष्म शरीर, चेतन असल्यासारखे भासते, ‘अचेतनं चेतनावदिव लिङ्गम्’. या मांडणीत जड वस्तूने निश्चय करणे, भेद ओळखणे, इतकेच काय ‘मी’ म्हणणे यात काहीच अशक्य नाही. मग सातपूरच्या यंत्राचे ऑफसेट बदलणे, ऑथेल्लोचा पट उभा करणे, पानाबद्दल प्रश्न विचारणे ही सगळी बुद्धीची कामे ठरतील आणि यंत्राला ती बिनदिक्कत देता येतील. दिंडोरीकरांना झोप लागत नव्हती, ते निराळे. ट्युरिंग यांची परीक्षा बुद्धीची आहे, जाणिवेची नाही, आणि त्या मर्यादेत ती मला अजूनही योग्य वाटते.

पंचवटी

काका, सांख्यांचा हा मार्ग सोयीचा आहे खरा, पण नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या आचार्यांनी, तो नेमका इथेच अडवला आहे. न्यायसूत्रांत स्पष्ट म्हटले आहे, ‘बुद्धिरुपलब्धिर्ज्ञानमित्यनर्थान्तरम्’: बुद्धी, उपलब्धी आणि ज्ञान हे तीन वेगळे पदार्थ नाहीत. जड बुद्धीने निश्चय करायचा आणि चेतन पुरुषाने फक्त पाहायचे, ही विभागणी त्यांना मान्य नाही. ज्याला कळले त्यानेच निश्चय केला. माझा स्वतःचा अनुभव न्यायदर्शनाच्या बाजूचा आहे. ‘ईळे’चा अर्थ कळला तेव्हा आधीच्या पाठांतराला वरून जाणिवेचा एक थर लागला असे झाले नाही, म्हणणेच दुसरे झाले.

पोपटाचा उल्लेख आला आहे, म्हणून आणखी एक सांगतो. नैयायिकांपुढे पोपटाचे वाक्य ही खरीच अडचण होती. त्यांच्या मते वाक्यार्थ कळायला वक्त्याचे तात्पर्य, म्हणजे त्याला काय सांगायचे आहे, हे कळणे आवश्यक असते. पोपटाला तर काहीच सांगायचे नसते, आणि तरीही त्याचे वाक्य आपल्याला कळते. ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त यावर उत्तर दिले आहे की तिथे ईश्वराचे तात्पर्य धरावे. ईश्वरापर्यंत जावे लागले, पण तात्पर्याशिवाय वाक्य असू शकते हे त्यांनी मान्य केले नाही. यंत्राच्या वाक्यांत आपल्याला जे तात्पर्य दिसते, ते ज्या असंख्य माणसांनी मुळात ते लिहून ठेवले त्यांचे आहे, असे मला वाटते. दिंडोरीच्या बागेला मिळालेले उत्तर चाचरले नाही, कारण ते कुणाचेच नव्हते.

इंदिरानगर

दादा, शेवटचा एकच प्रश्न विचारते, आणि तो मनापासून विचारते. अर्थ कळल्यावर आपले म्हणणेच दुसरे झाले असे आपण लिहिता, परंतु बाहेरून त्यात काहीच फरक नव्हता असेही लिहिता. ज्या बदलाची बाहेर एकही खूण उमटत नाही, तो बदल झाला हे दुसऱ्याने कशावरून मानायचे? आमच्या क्षेत्रात आम्ही नेहमी याच भिंतीशी येऊन थांबतो. काहीच खूण नव्हती का?

पंचवटी

ताई, आपण विचारल्यावर दोन दिवस आठवून पाहिले. एक खूण होती, आणि ती मी इतकी वर्षे अपयश म्हणूनच लक्षात ठेवली होती. पहाटे ठीक म्हटले गेले, पण त्याच संध्याकाळी आवर्तनाच्या वेळी पहिल्या मंत्राच्या घनात मी चुकलो. तीन-दोन-एक म्हणताना ‘ईळे’पाशी आलो आणि थांबलो. ‘मी स्तवन करतो’ हे मनात आले, आणि पुढचे पद सुटले. सहा वर्षांत त्या मंत्रात मी कधीच चुकलो नव्हतो. गुरुजींनी मान वर करून पाहिले, काही बोलले नाहीत, आणि मला पहिल्यापासून म्हणायला सांगितले.